शहाणं घड्याळ

लग्नात सासऱ्यांनी मला घड्याळ दिलं. साल १९७९. एच.एम.टी.चं, किल्लीचं, पांढऱ्या तबकडीचं. त्याची किंमत मी कधी विचारली नाही, कारण जावयाने ती विचारायची नसते. आणि सासऱ्यांनीही आपण होऊन सांगितली नाही, यावरून मी काय ते समजलो. रोज दाढी झाल्यावर किल्ली दिली की ते दिवसभर चालायचं. आठवड्याला चार मिनिटं मागं पडायचं, पण मी सरकारी नोकरीत असल्यामुळे आम्हां दोघांचं जमून गेलं. मुख्य म्हणजे, मी त्याच्याकडे बघत असे. ते माझ्याकडे बघत नसे.

गेल्या दिवाळीत चिरंजीवांनी बंगळूरहून माझ्यासाठी स्मार्टवॉच आणलं. आमच्या मनगटाचं आणि बंगळूरचं काहीतरी नातं असलं पाहिजे. एच.एम.टी.नेही १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने घड्याळं बनवायला घेतली, ती तिथेच. पुढे २०१६ साली सरकारने तो घड्याळांचा धंदा बंद करायचं ठरवलं आणि माझ्या घड्याळाला पेन्शनीत जोडीदार मिळाला.

नव्या घड्याळाच्या खोक्यात पावती होती. रुपये ४१,९०० फक्त. त्यातला 'फक्त' मी पुन्हा पुन्हा वाचला. निवृत्त होताना माझ्या हातात पडलेला शेवटचा पगार याहून तीन हजारांनी कमी होता. म्हणजे तेहतीस वर्षं इमानेइतबारे नोकरी करून शेवटच्या महिन्यात मला हे घड्याळ फार तर पट्ट्याशिवाय मिळालं असतं.

"वेळ बरोबर दाखवतं का?" सौभाग्यवतींनी विचारलं.

"म्हणजे काय!"

"भिंतीवरचं दोनशे रुपयांचंही बरोबरच दाखवतं," ती म्हणाली आणि चकल्या तळायला आत गेली.

मग चिरंजीवांनी मला बसवून गुण समजावून सांगितले. घड्याळाच्या पोटाशी हिरवा दिवा लुकलुकतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. किती शोषला आणि किती परत आला, यावरून हे नाडी मोजतं. वरच्या मळसूत्रावर बोट ठेवलं की हृदयाचा आलेख काढतं, ठोक्यांची लय बिघडली असेल तर सांगतं. मात्र हृदयविकाराचा झटका आपल्याला ओळखता येत नाही, असं ते स्वतःच लिहून कळवतं. आमचे हेडक्लार्क अगदी या स्वभावाचे होते. वहीवरचा शाईचा डाग लांबून ओळखत. वहीच गहाळ झाली की तो विषय आपल्या टेबलाचा नाही म्हणत.

आणि पावलं! रोज दहा हजार. हा आकडा कुठल्या धन्वंतरीने काढला, म्हणून मी शोध घेतला. निघाला जपानी दुकानदारीचा. १९६५ साली तिकडे कमरेला लावायचं पावलं मोजायचं यंत्र विकायला आलं, त्याचं नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. नाव खपलं आणि आकडा जगाच्या मानगुटीवर बसला. २०१९ साली अमेरिकेत वयस्कर बायकांची पावलं मोजली, तर फायदा साडेसात हजारांच्या आसपास थबकला होता. हे मी चिरंजीवांना ऐकवलं. ते म्हणाले, "बाबा, आधी तीन हजार तर करा."

कारण माझी पावलं त्यांना तिकडे फोनवर दिसतात. एके काळी त्यांच्या प्रगतिपुस्तकावर मी सही करत असे; आता माझं प्रगतिपुस्तक रोज रात्री बंगळूरला जाऊ लागलं. गणपती मंदिरापासून आयर्विन पुलापर्यंत मी दोन खेपा घालू लागलो. तरी आकडा पाचाच्या पुढे जाईना.

अशात एकादशी आली. विठ्ठल मंदिरात सव्वा तास टाळ वाजवून घरी येऊन बघतो, तर चार हजार पावलं जास्त! वारकरी पंढरपूरला पायी जातात, मी मांडी घालून निघालो होतो. चिरंजीवांचा लगोलग निरोप आला, "बाबा, नऊ हजार! शाब्बास!" खरं सांगायला हवं होतं. पण सत्तरीनंतर शाब्बास म्हणणारे लोक कमी उरतात हो.

इथपर्यंत ठीक होतं. पुढचं सांगायला जरा जड जातं.

एका बुधवारी घड्याळ चार्जिंगला लावलं आणि विसरलो. संध्याकाळी सातला फोन. "बाबा, बरे आहात ना? शून्य दाखवतंय!" एरवी त्याचा फोन रविवारी, दहा मिनिटांचा, त्यातली चार आवाज येतो का हे विचारण्यात जायची. त्या दिवशी आम्ही पाऊण तास बोललो. त्याच्या नोकरीतली कुरबूर मला तेव्हा पहिल्यांदा कळली.

पंधरा दिवसांनी बुधवारीच मी घड्याळ पुन्हा विसरलो. आता मी विसरलो, हे कितपत खरं, ते तुम्ही ओळखलंच असेल. फोन आला.

तिसऱ्या वेळी आम्ही दोघं एका लग्नाला मिरजेला गेलो होतो. घड्याळ घरी, आणि मोबाइल बँडच्या गोंगाटात खिशात. घरी येऊन रात्री तसाच झोपलो. सकाळी दार वाजलं. दारात चिरंजीव. रात्रीची बस, दाढी वाढलेली, हातात साधी पिशवीसुद्धा नाही.

"चार्जिंगला होतं रे," मी म्हणालो. वाक्य शंभर टक्के खरं होतं आणि इतकं खोटं मी उभ्या आयुष्यात बोललो नव्हतो. सौभाग्यवतींनी माझ्याकडे नुसतं बघितलं. त्या बघण्यापुढे हिरवा दिवा काय आहे!

दुपारी पिठलं-भाकरी जेवून तो झोपला, उठला, तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. टाळासकट. वाटलं, चिडेल. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "बाबा, माझंही तसंच. पाच हजार दिसले की वाटायचं, बाबा ठीक आहेत. मग फोन राहूनच जायचा."

तर मुद्दा असा, की ४१,९०० रुपये वाजवी का? लांब राहणाऱ्या पोराने काळजी हलकी करायला पैसे मोजले, त्यात वावगं काही नाही. मी असतो तर कर्ज काढून घेतलं असतं. पण काळजी हलकी झाली, की तिच्याबरोबर विचारपूसही पातळ होते, हे पावतीवर छापलेलं नसतं. त्याने फोनची बचत केली आणि मी त्याची एक रात्र चोरली. घड्याळ बिचारं प्रामाणिकपणे मोजत होतं.

आता बुधवारी आणि रविवारी फोन येतो, आकडा काहीही असो. घड्याळ मी घालतो. टाळ हातात घेण्यापूर्वी काढून खिशात ठेवतो. परवाच्या एकादशीला रात्री त्याचा फोन आला, "बाबा, आज दोनच हजार?"

"हो," मी म्हणालो, "पण आजची खरी आहेत."