गाडगेबाबांच्या कीर्तनाला किती वॅट?

अमरावती-अकोल्यात दोन खोल्यांच्या फ्लॅटसाठी स्टिरिओ रिसीव्हर घ्यायला निघालेला माणूस दुकानात आधी विचारतो, 'वॅट किती?' प्रश्न यंत्राचा वाटतो, पण आहे अपरिग्रहाचा. पुरेसं म्हणजे किती?

इथे आकडेही अपरिग्रह सांगणाऱ्या संतांच्याच बाजूने बोलतात. 87 डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर 1 वॅटवर, मीटरभर अंतरावर तेवढा आवाज देतो. 10 वॅटवर 97. वॅट दुप्पट केले की वाढतात जेमतेम 3 डेसिबल. म्हणजे 50 ऐवजी 100 वॅटचे जादा पैसे कानापेक्षा मिरवण्यालाच जास्त उपयोगी. शिवाय 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्रीची मर्यादा 45 डेसिबलची.

वऱ्हाडाचा वारसा तर याहून काटकसरी. तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर गावंच्या गावं जागवली. गाडगेबाबांचं 8 नोव्हेंबर 1956 चं बांद्र्याच्या पोलीस ठाण्यातलं कीर्तन ध्वनिमुद्रित झालं. 20 डिसेंबरला अमरावतीजवळ त्यांचं निधन झालं. ते कीर्तन साध्या रेडिओवरही अंगावर येतं.

मग स्टिरिओ हवाच कशाला? कारण साधेपणाचाही अहंकार असतो. तानपुऱ्याची तार स्वच्छ ऐकू यावी, ही इच्छा हाव नव्हे. हाव सुरू होते ती शेजाऱ्याच्या भिंतीपाशी.

तेव्हा 20-30 वॅटचा, वापरलेला पण तपासून घेतलेला रिसीव्हर लहान खोलीला भरपूर झाला. त्यात ट्यूनर असतोच. आकाशवाणी अकोला फुकट. उरलेले पैसे स्पीकरवर घाला, आणि दुकानात ओळखीचं गाणं हळू आवाजातच ऐकून बघा.