जर, तर आणि धरमतर

संगणक बिघडला की कोणीतरी तो बिघडवलेला असतो, आणि तो कोणीतरी मी नसतो, असं माझं कित्येक वर्षं ठाम मत होतं. गेल्या पावसाळ्यात ते मत बदललं. संगणकही दुरुस्त झाला. पण त्याला चाळीस मिनिटं लागली. माझं काम अजून चालू आहे.

मी बँकेत कारकून. नोकरी पेणला, राहायला धरमतरला, खाडीच्या काठी. पूर्वी मुंबईच्या बोटी धरमतरला लागत, तेव्हा गावाला केवढा मान! आता अलिबागला निघालेली मंडळी वडखळच्या गर्दीतून सुटल्याच्या आनंदात पुलावरून अशी सुसाट जातात की धरमतर कधी गेलं ते त्यांना कळतही नाही. गावाच्या नावात मात्र 'तर' आहे. पाणी ओलांडायची होडी तीही तर, आणि 'जर'च्या मागून येतो तोही तर. आयुष्यात पहिला कमी पडला तरी चालतो, आता पूल झालाय. दुसऱ्याशिवाय मात्र माणूस बुडतो.

तर (हा तिसरा तर!) जुलैतली रविवारची सकाळ. मुलीच्या अभ्यासासाठी घेतलेल्या आणि माझ्या लेखनासाठी वापरल्या जाणाऱ्या डेस्कटॉपचं बटण मी दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला, पडदा काळाच. आणि पेटीतून थांबून थांबून एक लांब शिटी. कुकर असता तर तिसऱ्या शिटीला गॅस बंद केला असता. इथे काय बंद करणार? मी बटण पुन्हा दाबलं. मग जोरात दाबलं. मग जुन्या टीव्हीला मारायचो तशी पेटीच्या बरगडीत एक थाप मारली. शिटी चालूच.

तेवढ्यात मावशी केर काढत ओटीवर आल्या. झालं! मला गुन्हेगार सापडला.

"मावशी, आत्ता केर काढताना वायर ओढलीत ना? किती वेळा सांगितलं, त्या पेटीपाशी झाडू न्यायचा नाही म्हणून!"

आवाज जरा मोठाच लागला. शेजारचे काका पेपर मागायला आले होते, ते दारातच थबकले. मावशींनी झाडू खाली ठेवला. म्हणाल्या, "लागला आसंल हात, भाऊ. मना काय समजतंय त्यातलं? माफी करा."

गुन्हेगार मिळाला, कबुली मिळाली, साक्षीदारही हजर. खटल्यात काही म्हणता काही कमी नव्हतं. फक्त संगणक सुरू होईना.

दुपारी पेणहून दुरुस्तीवाला पोरगा आला. वय असेल बावीस-तेवीस. आल्या आल्या मी त्याला मावशींची हकिगत सांगितली. त्याने ती माझ्या बँकेत लोक सूचनापेटीकडे बघतात तशा नजरेने ऐकली आणि विचारलं, "ते राहू द्या काका. बिघडायच्या आधी शेवटचं काय बदललं?"

"काही नाही," मी म्हणालो. माणूस हे उत्तर नेहमी विचार न करता देतो.

मग त्याने सुरुवात केली ती भिंतीतल्या प्लगपासून. मग वायर, मग पडद्याची केबल. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बटण दाबून बघायचं. मी म्हटलं, सगळं एकदम बदलून टाक की! तो म्हणाला, "दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि सुरू झाला, तर कशामुळे झाला ते कळणार कसं?" जर हे, तर ते. जर ते नाही, तर पुढचं. धरमतरात राहून मला जे जमलं नव्हतं ते पेणचा पोरगा करत होता.

शिटीचा अर्थही त्यानेच सांगितला. संगणक सुरू होतो त्याला 'बूट' होणं म्हणतात, कारण इंग्रजीत स्वतःच्या बुटाची नाडी ओढून स्वतःला वर उचलण्याची एक गंमत आहे. आपण शेंडी धरून म्हटलं असतं. प्रोग्रॅम उघडायला आधी एक प्रोग्रॅम लागतो, म्हणून एका चिपमध्ये छोटासा प्रोग्रॅम कायमचा ठेवलेला असतो. तो जागा झाला की पहिलं काम स्वतःची तपासणी: मेमरी आहे का, पडदा आहे का, कळफलक आहे का. याचं नाव 'पॉवर-ऑन सेल्फ-टेस्ट'. 1981 च्या आयबीएम पीसीतही हे होतं. दोष सापडला आणि पडदाच दाखवता येत नसला, तर यंत्र शिटी वाजवून सांगतं. शिट्यांची भाषा कंपनीगणिक वेगळी. आमच्या पेटीची तक्रार मेमरीबद्दल होती.

मी गप्प झालो. रोज सकाळी कामाला लागण्याआधी हे यंत्र स्वतःला तपासतं, आणि दोष निघाला तर आधी तो स्वतःचा म्हणून जाहीर करतं. मी रोज सकाळी उठून बायकोला विचारतो, माझा चष्मा कुठे ठेवलास?

पोराने पेटी उघडली, मेमरीची पट्टी काढली, मुलीच्या कंपासमधला खोडरबर घेऊन पट्टीची पिवळी टोकं हलकेच घासली आणि पट्टी 'टक्' आवाज होईपर्यंत परत बसवली. बटण दाबलं. एक छोटी शिटी, आणि पडदा उजळला.

"पट्टी सैल झाली होती, वर खाऱ्या हवेचा थर," तो म्हणाला. "पेटी कोणी हलवली होती का?"

आणि मला आठवलं. आदला दिवस चौथा शनिवार, म्हणजे आम्हा बँकवाल्यांच्या सुट्टीचा. लिहिताना खाडीचा वारा लागावा म्हणून पेटी फरफटत खिडकीशी कोणी नेली होती? मीच.

1947 साली 9 सप्टेंबरला हार्वर्डच्या संगणकात एक पाखरू अडकून काम थांबलं. तिथल्या लोकांनी ते पाखरू काढून नोंदवहीत चिकटवून ठेवलं. आधी पुरावा, मग ठपका. 19 जुलै 2024 ला जगभरातले सुमारे 85 लाख संगणक सुरू होईनात, आपल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहायची पाळी आली. अनेकांना चोराचा संशय आला. निघालं ते रखवालीसाठीच बसवलेल्या सॉफ्टवेअरचं चुकलेलं अपडेट. रखवालदारही संशयितांच्या यादीत हवा, आणि यादी करणाराही.

हे मला कॉमर्स शिकूनही कळू नये? ताळा जुळत नसला की फरक कोणाच्याही खात्यावर टाकायचा नसतो. तो सस्पेन्स अकाउंटला ठेवायचा, आणि शोध लागला की योग्य खात्यावर न्यायचा. मी फरक दिसताच मावशींच्या नावे टाकून मोकळा झालो होतो. वर त्यांनी न केलेल्या चुकीची माफी मागितली, ती मी जमाही करून घेतली. ती परत कशी करायची?

रात्री बायकोला म्हटलं, "उद्या मावशींना सांगतो हळूच, मागच्या दारी."

"अहो, ओरडलात ओटीवर आणि माफी मोरीत?"

तिने कॉमर्स केलेलं नाही. पण ज्या वहीत चूक, त्याच वहीत दुरुस्ती, हे तिला ठाऊक होतं.

सोमवारी सकाळी शेजारचे काका पेपरला आले, तेव्हा मी ओटीवरच म्हणालो, "मावशी, चूक माझी होती. पेटी मी हलवली होती. तुमचा काही दोष नव्हता. मला माफ करा." काकांनी पेपरात डोकं घातलं. मावशी हसून म्हणाल्या, "जाऊ द्या भाऊ. चालू झाला ना?"

खातं मिटलं असं मला वाटलं. पण बँकवाल्याने व्याज विसरू नये. तेव्हापासून मावशी घरभर केर काढतात, फक्त त्या पेटीभोवती वीतभर जागा सोडून. मी दोनदा सांगून पाहिलं, "काढा हो मावशी, काही होत नाही." त्या "हो" म्हणतात आणि झाडू वळवून पुढे जातात.

तेवढ्या जागेत धूळ साठते. धुळीने पट्टी पुन्हा रुसेल, असं पोरगा बजावून गेलाय. म्हणून दर रविवारी, मावशी यायच्या आत, मी झाडू घेऊन तेवढी वीतभर जागा झाडतो.