घाव ज्याचा त्याने मानावा

पोलादी शिरस्त्राणे घातलेले दोन योद्धे समोरासमोर उभे आहेत. एकाची तलवार दुसऱ्याच्या मस्तकावर बसते. क्षणभर काहीच घडत नाही. मग ज्याला घाव लागला तो स्वतःच शस्त्र टाकतो आणि जमिनीवर आडवा होतो. आपण मेलो, हा निवाडा त्याने स्वतःच केलेला असतो. पंच मैदानावर असतात, पण ते कुणाला इजा होऊ नये एवढेच पाहतात. घाव लागला की नाही, हे ज्याला लागला त्यानेच सांगायचे.

हे दृश्य आजच्या अमेरिकेतील आहे. १ मे १९६६ रोजी कॅलिफोर्नियातील बर्कली येथे मध्ययुगाचा अभ्यास करणाऱ्या डायना पॅक्सन ह्यांच्या परसदारी काही मित्रमंडळी सरदारांच्या वेषात जमली आणि त्यांनी गंमत म्हणून द्वंद्वयुद्धे खेळली. पॅक्सन पुढे कादंबरीकार म्हणून प्रसिद्धी पावल्या. त्या दिवसाच्या हौसेतून ‘सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अनॅक्रॉनिझम’ ही संस्था उभी राहिली. इ. स. १६०० पूर्वीचे जीवन अनुभवणे हा तिच्या सभासदांचा छंद. प्रत्येक जण त्या काळाला शोभेल असे नाव घेतो, तसा पोशाख शिवतो. तलवारी वेताच्या असतात. चिलखते आणि घाव मात्र खरे असतात. १९७२ पासून पेनसिल्व्हेनियात त्यांचे ‘पेन्सिक युद्ध’ भरते. महामारीमुळे २०२० व २०२१ ह्या वर्षी त्यात खंड पडला. एरव्ही सुमारे दहा हजार माणसे तेथे तंबू ठोकून राहतात.

मोठ्या माणसांनी असे खेळ खेळावेत काय? हा प्रश्न ख्रिस्तसभेला नवा नाही. संत थॉमस अक्वायनस ह्यांनी ‘सुम्मा थिओलॉजिका’ ह्या ग्रंथात खेळण्यात सद्‌गुण असू शकतो काय, असा प्रश्न घेतला आहे. उत्तरादाखल ते संत योहानाविषयीची एक जुनी कथा सांगतात. योहान आपल्या शिष्यांबरोबर खेळताना पाहून काही जणांना ते खटकले. योहानाने त्यांच्यातील एका धनुर्धराला बाण सोडायला सांगितले, पुन्हा सोडायला सांगितले आणि विचारले, “तू सतत असेच करू शकशील काय?” तो म्हणाला, “नाही, धनुष्य मोडेल.” मनाचेही तसेच आहे. खेळ अभद्र वा घातक नसावा, मनाचा तोल जाऊ नये आणि स्थळकाळाचे भान असावे, एवढ्या अटी घालून थॉमस खेळाला सद्‌गुणांच्या पंक्तीत बसवतात.

मात्र आज ज्याची नक्कल केली जाते, त्या खऱ्या द्वंद्वस्पर्धांना ख्रिस्तसभेचा कडक विरोध होता. ११३९ सालच्या दुसऱ्या लॅटरन परिषदेने त्यांवर बंदी घातली. केवळ बळाचे प्रदर्शन करण्यासाठी माणसे जीव गमावत होती. अशा स्पर्धेत मेलेल्याला अखेरचे पापनिवेदन आणि ख्रिस्तशरीर नाकारू नये, पण ख्रिस्ती दफनविधी मिळू नये, असा तो नियम होता. सरदारांनी तो फारसा मानला नाही. अखेर १३१६ साली पोप जॉन बाविसावे ह्यांनी बंदी उठवली. वेताच्या तलवारीने तरी परिषदेचा तो आक्षेप दूर केला आहे, असे म्हणता येईल.

खरा आक्षेप अधिक खोल आहे. ह्या खेळात राजे आहेत, सरदार आहेत, कारागीर आहेत. परंतु जमिनीला जखडलेला भूदास होण्याची हौस कुणाला असते? प्लेगची साथ नाही, दुष्काळ नाही. मध्ययुग जसे होते तसे नव्हे, तर जसे असायला हवे होते तसे आम्ही उभे करतो, असे ही मंडळीच मोकळेपणाने सांगतात. खेळ म्हणून जे सांगितले जाते त्याला असत्य म्हणता येत नाही. शिवाय ज्याने स्वतः सूत कातून चार हात कापड विणले, बोरू घडवून एक पान सुवाच्य लिहिले, त्याला त्या काळच्या अनाम विणकरणीचे आणि मठवासीयांचे श्रम पुस्तकी विद्वानापेक्षाही जवळून कळतात. हाही पूर्वजांचा एक प्रकारे सन्मानच आहे.

तरीही धोका उरतो. रमणीय चित्र पुन्हा पुन्हा पाहिले की तेच खरे वाटू लागते. छातीवर क्रूस मिरवणाऱ्या वीराचा रुबाब डोळ्यांत भरतो. पण १०९६ साली पहिल्या क्रूसयुद्धाला निघालेल्या टोळ्यांनी ऱ्हाइन नदीच्या काठी काय केले, ते त्या चित्रात नसते. स्पायरच्या महागुरूंनी आपल्या नगरातील बहुतेक ज्यूंना वाचवले. वर्म्स आणि माइन्झ येथे मात्र शेकडो ज्यू मारले गेले. १२०४ साली तर क्रूसवीरांनी कॉन्स्टँटिनोपल हे ख्रिस्ती नगरच लुटले. तो क्रूस आपला आहे. म्हणून हा प्रश्न केवळ दूरदेशीच्या हौशी मंडळींचा राहत नाही, तो आपलाही होतो.

ह्या प्रश्नाचे उत्तर त्या खेळाच्याच पहिल्या नियमात आहे, असे मला वाटते. ज्याला घाव लागला त्याने तो मानावा. १२ मार्च २००० रोजी, प्रायश्चित्त काळातील पहिल्या रविवारी, पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी संत पेत्राच्या महामंदिरात ख्रिस्तसभेच्या लेकरांनी शतकानुशतके केलेल्या अपराधांबद्दल देवाची क्षमा मागितली आणि क्रुसाचे चुंबन घेतले. पुढल्या वर्षी अथेन्स येथे त्यांनी कॉन्स्टँटिनोपलच्या लुटीचा स्पष्ट उल्लेख केला. “जे आम्ही केले नाही त्याची क्षमा का मागावी?” असे तेव्हा काही श्रद्धावंतांनाही वाटले. त्यांचा प्रश्न अगदीच गैर नव्हता, कारण पाप ज्याचे त्याचे असते. परंतु पूर्वजांच्या संतपणाचा वारसा आपण अभिमानाने सांगतो. मग त्यांच्या अपराधांचे ओझे तेवढे परक्याच्या दारी कसे ठेवता येईल? शिवाय पोपमहोदयांना कुणी पंचाने भाग पाडले नव्हते. घाव लागला आहे, हे त्यांनी आपणहून सांगितले.

आपणही आपापल्या घराण्याचा आणि गावाचा भूतकाळ सणासुदीला नटवून मांडतो. आजोबांचा दानधर्म सांगतो, त्यांनी भावाच्या वाट्याचे शेत कसे घेतले ते सांगत नाही. नटवणे हे पाप नव्हे. उत्सवाला वेष लागतोच. मात्र वेष उतरवल्यावर सत्याकडे पाहण्याची तयारी हवी. लागलेला घाव नाकारून मैदानात उभा राहणारा खेळाडू जिंकल्यासारखा दिसतो, पण त्याच्याशी खेळायला हळूहळू कुणी उरत नाही. कुटुंबांचे आणि समाजांचेही असेच होते.

मिस्साबलिदानाच्या आरंभी आपण आपल्याच हाताने आपल्या छातीवर आघात करतो. तो आघात आपल्याला खरोखर लागतो काय, हे शेजारी उभ्या असलेल्या माणसाला सांगता येणार नाही. ते ज्याचे त्यानेच सांगायचे आहे.