घरातच हरवलेले नाणे
शास्त्रभाग : लूक १५:८-१०, योहान १०:१-५



लूककृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायावर आपण पुष्कळ उपदेश ऐकले आहेत. त्यांतला बहुतेक वेळ मेंढरू आणि धाकटा मुलगा यांच्या वाट्याला जातो. मधले नाणे घाईघाईत राहून जाते. वास्तविक त्याची गोष्ट वेगळी आहे. मेंढरू भटकले, मुलगा आपल्या पायांनी दूर देशी गेला. नाणे मात्र कोठेच गेले नाही. ते घरातच कोणाच्या तरी हातून पडले. या दाखल्याचे मनन करताना मला नेहमी एका गायिकेचे चरित्र आठवते. तिचा शेवट म्हैसूरला झाला.

जग तिला गौहर जान म्हणून ओळखते. तिचे पहिले नाव अँजेलिना योवर्ड. वडील आर्मेनियन वंशाचे, आईचे नाव व्हिक्टोरिया. २६ जून १८७३ रोजी आझमगढला तिचा जन्म झाला आणि १८७५ मध्ये तिचा बाप्तिस्मा झाला. ती सहा वर्षांची होते न होते तोच, १८७९ मध्ये, आईवडिलांचा विवाह मोडला. आई मुलीला घेऊन बनारसला गेली. तेथे दोघींनी इस्लाम स्वीकारला; आई मलका जान झाली, मुलगी गौहर. पुढे त्या कलकत्त्यास स्थायिक झाल्या. आई स्वतः कवयित्री होती, तिचा उर्दू काव्यसंग्रह प्रसिद्ध झाला होता. मुलगीही 'हमदम' या नावाने गझला लिही. १८८७ मध्ये दरभंग्याच्या दरबारात ती प्रथम गायली, तेव्हा ती जेमतेम चौदा वर्षांची होती.

१९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गेसबर्ग कलकत्त्यास आले आणि गौहर जानचा आवाज तबकडीवर उतरला. तीनएक मिनिटांत ख्याल किंवा ठुमरी आटोपती घ्यायची आणि शेवटी इंग्रजीत आपले नाव मोठ्याने सांगायचे, असा परिपाठ पडला. कारण साधे होते. तबकड्या जर्मनीतील हानोव्हर येथे तयार होत. तेथल्या कारागिरांना हे गाणे कोणाचे हे कळावे कसे? नाव सांगितले नाही, तर तबकडीवर दुसऱ्याचेच नाव छापले जायचे! पुढे तिने दहाहून अधिक भाषांत गाणी ध्वनिमुद्रित केली.

अमेरिकेतही असेच घडले. १९२७ च्या उन्हाळ्यात ब्रिस्टल नावाच्या लहानशा गावी एका कंपनीने यंत्रे मांडली आणि डोंगरी मुलखातील कष्टकऱ्यांचे गाणे तबकडीवर घेतले. आज ज्याला कंट्री संगीत म्हणतात, त्याचा प्रसार तेथून वाढला. रेल्वेत नोकरी केलेला जिमी रॉजर्स तेथेच प्रथम गायला. क्षयाने खंगलेला हा मनुष्य मे १९३३ मध्ये न्यूयॉर्कला दोन गाण्यांच्या मध्ये खाटेवर पडून विसावा घेत अखेरच्या तबकड्या भरत होता. दोन दिवसांनी तो वारला; वय ३५. त्याच्यामागून आलेला हँक विल्यम्स भक्तिगीते रची, गाई आणि मद्यही पिई. १९५३ च्या पहिल्या दिवशी कार्यक्रमाला जाताना मोटारीच्या मागच्या आसनावर तो मृतावस्थेत आढळला. वय अवघे २९.

अशा चरित्रांचा उपदेशकांना मोठा मोह पडतो. कीर्ती, पैसा, मग अधःपात. इशारा तयारच असतो. गौहर जानच्या बाबतीतही तो सहज देता येईल. तिचे वैभव मोठे होते आणि ते कोर्टकज्ज्यांत सरले. १९०६ मध्ये आई वारल्यानंतर मालमत्तेवरून दावा उभा राहिला. तेव्हा आपण कोणाची मुलगी आहोत, हे तिला न्यायालयात सिद्ध करावे लागले. त्यासाठी दुरावलेल्या बापाला शोधून काढावे लागले. जिचे नाव घरोघरच्या तबकडीवर, तिला बापाचे नाव साक्षीपुराव्याने मिळवावे लागले. मला येथे इशारा देववत नाही.

भाषांतराच्या कामात एक शब्द मला फार वेळ थांबवून ठेवतो. ग्रीकमध्ये 'अपोल्लुमि' या एकाच क्रियापदात हरवणे आणि नाश पावणे हे दोन्ही अर्थ आहेत. नाणे हरवते तेव्हा तेच क्रियापद, आणि धाकटा मुलगा दूर देशी भुकेने मरू लागतो तेव्हाही तेच. मराठीत आपल्याला दोन वेगळे शब्द घ्यावे लागतात आणि दोन्ही गोष्टींमधला धागा तुटतो. मग जो हरवला तो कोणाच्या तरी हातून हरवला, हे आपण विसरतो आणि जो नाश पावला त्याचा दोष त्याच्याच माथी मारून मोकळे होतो. सहा वर्षांचे लेकरू आईवडिलांच्या भांडणात हातातून निसटते, तेव्हा त्याने कोणती वाट सोडली? तिने पुढे जो धर्म पाळला त्याविषयी मी येथे निवाडा करीत नाही. मी त्या घराविषयी बोलतो आहे.

आणखी एक शब्द. योहानाच्या दहाव्या अध्यायात मेंढरे मेंढपाळाचा आवाज ऐकतात. तेथे 'फोने' हा शब्द आहे, जो 'ग्रामोफोन' या नावात शिरून आपल्याकडे आला. यंत्रासमोर माणसाला आपले नाव ओरडून सांगावे लागते. मेंढपाळ मात्र आपल्या मेंढरांना स्वतःच नावाने हाक मारतो.

म्हैसूरचा दरबार संगीताचा आश्रयदाता. भास्करबुवा बखल्यांचे गुरू नत्थन खाँ, मिरजेचे अब्दुल करीम खाँ यांना त्याने मान दिला. १९२८ च्या ऑगस्टपासून नाल्वडी कृष्णराज वडियार यांनी गौहर जानला दरमहा ५०० रुपयांवर ठेवून घेतले. वय ५५, प्रकृती ढासळलेली. दीड वर्षाच्या आतच, १७ जानेवारी १९३० रोजी, ती तेथे वारली.

वाचकहो, दाखल्यातील स्त्रीजवळ नऊ नाणी शिल्लक होती, तरी तिने दिवा लावला, केरसुणी हाती घेतली. नाणे धुळीत पडले होते, तरी त्यावरचा ठसा पुसला गेला नव्हता आणि त्याचे मोल एका दिवसाच्या मजुरीचे, तेवढेच होते. मुख्य म्हणजे, तिने मोजून पाहिले म्हणूनच एक कमी आहे हे तिला कळले. आपल्या मंडळीत सुरेल गळ्याची मुले असतात. कोणी ऑर्केस्ट्रात जातो, कोणी चित्रपटात. कोणाचे घर मोडते आणि आई मुलांना घेऊन दुसऱ्या शहरी निघून जाते. नाताळच्या गायनाला एक आवाज कमी पडतो आणि आपण दुसरा शोधतो. मंडळीच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत त्या मुलांची नावे आहेत, तारखांसह. ती वही आपण शेवटची केव्हा उघडली, आणि त्यांतल्या किती जणांचा आजचा पत्ता आपल्याजवळ आहे?