भोगोपभोगाचे परिमाण आणि घरगुती वीज

जैन श्रावकाचारात, म्हणजे गृहस्थांसाठी सांगितलेल्या आचारधर्मात, भोगोपभोग-परिमाण नावाचे एक व्रत आहे. अन्नासारखी एकदाच वापरून संपणारी वस्तू भोगाची आणि वस्त्रासारखी पुन्हा पुन्हा वापरता येणारी उपभोगाची, असा भेद करून गृहस्थाने दोहोंची मर्यादा स्वतःच ठरवावी, असे हे व्रत सांगते. विजेला हा भेद लावला, तर पंखा, फ्रिज, एसी ही उपभोगाची साधने ठरतात आणि त्यांना लागणारी वीज, जी बहुतांशी निर्माण होताच खर्ची पडते, निव्वळ भोग ठरते. त्यामुळे असे एक साधन घरात आणणे म्हणजे पुढच्या कित्येक वर्षांच्या भोगाला आजच संमती देणे होय.

ही संमती कुठवर जाते, ते कुवेतमध्ये दिसते. या तेलनिर्यातक देशाने नागरिकांच्या खासगी घरांतल्या विजेचा दर 1966 पासून युनिटला, म्हणजे एक किलोवॅटचे यंत्र तासभर चालवण्याइतक्या विजेला, अवघा 2 फिल्स, अर्थात दिनाराचा पाचशेवा भाग, इतकाच ठेवला. उत्पादनखर्च त्याच्या कित्येक पट असल्याने उरलेला भार सरकारी तिजोरीने उचलला, वीजकेंद्रांत इंधन जळत राहिले आणि 2024 च्या जूनमध्ये उष्णतेच्या लाटेत मागणी पेलेनाशी होऊन काही भागांत आळीपाळीने वीज बंद करावी लागली. पन्नास अंशांकडे जाणाऱ्या उन्हात घर गार ठेवणे हा विलास नव्हे, हे मान्य केलेच पाहिजे. दोष आहे तो असा की, वापराची झळ ज्याला कधी लागतच नाही त्याच्यावर 'पुरे किती' हे ठरवण्याचा प्रसंगच येत नाही, आणि व्रताचा आरंभ तर त्याच प्रसंगातून होतो.

बीड जिल्ह्यात, गेवराई तालुक्यातल्या चकलांब्यासारख्या गावाच्या संदर्भात हाच प्रश्न उलटा उभा राहतो. या जिल्ह्यातली हजारो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. त्यांनी तोडलेल्या उसाच्या चिपाडावर अनेक कारखान्यांत सहवीजनिर्मिती होते, म्हणजे साखरेसाठी लागणाऱ्या वाफेतूनच वीजही काढली जाते, आणि ती तोडणारी माणसे मात्र हंगामभर ज्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहतात तिथे पुष्कळदा दिव्याचीही सोय नसते. विजेचा भार इथल्या पाण्यावरही पडतो: जिल्ह्यातलेच परळीचे कोळशावर चालणारे औष्णिक केंद्र 2015 च्या दुष्काळात पाण्याअभावी बंद पडले होते. कोळशाची वीज पाणीही खाते, ही गोष्ट घरात येणाऱ्या बिलावर कुठेच लिहिलेली नसते.

मग हे व्रत सांगायचे कोणाला, हे ठरवायला धर्मशास्त्रातली अधिकार ही संकल्पना उपयोगी पडते: एखादे कर्म किंवा व्रत कोणी करावे, त्यासाठीची पात्रता. भोगोपभोग-परिमाणाचा अधिकारी तोच, ज्याच्यापाशी सोडण्याजोगे काही आहे. अभावाला त्याग म्हणणे हा व्रताचा आणि अभावग्रस्ताचा, दोघांचाही अवमान आहे. म्हणून वाढत्या मागणीच्या आकड्यांत चकलांब्यातल्या घरातला पहिला कूलर आणि पुण्या-मुंबईतल्या किंवा कुवेतमधल्या घरातला चौथा एसी यांची बेरीज एकत्र होत असली, तरी नीतिविचारात ती करता येत नाही, आणि काटकसरीचे आवाहन आधी त्या चौथ्या एसीच्या मालकालाच केले पाहिजे.