मुक्तीची किंमत कोणी मोजायची?

स्वातंत्र्य, समता आणि बंधुता हे तीन शब्द आता आपल्या घराघरांत पोचले आहेत. हे शब्द फ्रेंच राज्यक्रांतीतून जगापुढे आले असे आम्ही शिक्षक वर्गात सांगतो, आणि मुले तसे लिहून गुण मिळवतात. परंतु डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवरील भाषणात स्पष्ट सांगितले होते की, ही त्रयी आपण फ्रेंच राज्यक्रांतीपासून उसनी घेतलेली नाही. ती आपले गुरू बुद्ध यांच्या शिकवणुकीतून घेतली आहे. हा केवळ श्रेयाचा वाद नव्हे. एखादे तत्त्व कोठून आले यापेक्षा ते कोणापर्यंत पोचले, हा प्रश्न मोठा आहे. फ्रान्सचे ते तीन शब्द कोठपर्यंत पोचले आणि कोठे अडले, हे पाहायचे असेल तर हैती या लहानशा देशाचा इतिहास वाचला पाहिजे.

हैती हे वेस्ट इंडीजमधील एका बेटाच्या पश्चिम भागात वसलेले राष्ट्र आहे. अठराव्या शतकात ही फ्रान्सची वसाहत होती आणि तिचे नाव होते सँ-दोमँग. ऊस आणि कॉफी पिकवणाऱ्या या वसाहतीएवढी श्रीमंत वसाहत त्या काळी दुसरी क्वचितच असेल. ही श्रीमंती आफ्रिकेतून जहाजांत कोंबून आणलेल्या माणसांच्या घामावर उभी होती. राज्यक्रांतीच्या सुमारास तेथे जवळजवळ पाच लाख गुलाम होते आणि गोरे लोक होते अवघे तीस हजारांच्या आसपास. गुलामांना कसे ठेवावे, कोणत्या गुन्ह्याला कोणती शिक्षा द्यावी, याचा कायदा फ्रान्सच्या राजाने १६८५ सालीच करून ठेवला होता. त्या कायद्याच्या लेखी गुलाम म्हणजे जंगम मालमत्ता. टेबल, खुर्ची, बैल आणि माणूस एकाच यादीत!

२६ ऑगस्ट १७८९ रोजी पॅरिसमध्ये मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर झाला. माणसे जन्मतः स्वतंत्र आणि समान आहेत असे त्यात घोषित केले गेले. पण त्याच जाहीरनाम्यात मालमत्तेचा हक्कही पवित्र मानला होता. मग माणूस हीच ज्याची मालमत्ता, त्याच्या बाबतीत काय करायचे? तो पवित्र हक्क राखायचा की माणसाचे स्वातंत्र्य? पॅरिसच्या विद्वानांनी या प्रश्नाला बगल दिली. उत्तर दिले ते गुलामांनी. ऑगस्ट १७९१ मध्ये वसाहतीच्या उत्तर भागात हजारो गुलाम उठले आणि उसाचे मळे पेटले. ज्यांच्यासाठी तो जाहीरनामा लिहिलाच नव्हता, त्यांनी त्याचा शब्दशः अर्थ घेतला.

सुमारे दोन वर्षांनी फ्रान्सच्या प्रतिनिधींना तेथे गुलामगिरी रद्द करावी लागली, आणि ४ फेब्रुवारी १७९४ रोजी पॅरिसच्या कन्व्हेन्शनने आपल्या साऱ्या वसाहतींतील गुलामगिरी संपल्याचे जाहीर केले. त्या सभेत बेले नावाचा, एकेकाळी स्वतः गुलाम असलेला काळा प्रतिनिधी बसला होता. पण सत्ता बदलली तसे शब्दही बदलले. नेपोलियनने १८०२ साली वसाहतींतील गुलामगिरीला पुन्हा कायद्याचा आधार दिला आणि सँ-दोमँगवर आपल्या मेहुण्याच्या, लक्लेरच्या हाताखाली मोठे सैन्य पाठवले. गुलामीत जन्मलेला आणि त्या लोकांचा सेनापती व राज्यकर्ता झालेला तुसाँ लुव्हर्त्युर याला बोलणीच्या निमित्ताने बोलावून कैद केले गेले. फ्रान्सच्या थंडगार डोंगरी किल्ल्यात ७ एप्रिल १८०३ रोजी त्याचा अंत झाला. लढा मात्र संपला नाही. नोव्हेंबर १८०३ मध्ये देसालीनच्या सैन्याने फ्रेंचांचा निर्णायक पराभव केला आणि १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाले.

येथे एक गोष्ट झाकून ठेवता कामा नये. त्याच वर्षी देसालीनच्या हुकमाने तेथे उरलेल्या फ्रेंच लोकांची कत्तल झाली. त्यात बायका-मुलेही मारली गेली. शतकभराच्या चाबकाने ही आग पेटवली होती हे खरे. पण कारण समजणे वेगळे आणि समर्थन करणे वेगळे. ज्या मुलाने कोणाला विकले नव्हते, त्याच्या रक्ताने कोणताही हिशेब चुकता होत नाही. शोषितांच्या इतिहासाकडे आपण आंधळ्या भक्तीने पाहू लागलो, तर विवेक हरवून बसू.

आता खरा प्रश्न पुढे येतो. जुलै १८२५ मध्ये फ्रान्सचा राजा दहावा चार्ल्स याचे फर्मान घेऊन लढाऊ जहाजे पोर्ट-ओ-प्रिन्सच्या बंदरात आली. फर्मान असे: फ्रान्स हैतीचे स्वातंत्र्य मान्य करील, पण हैतीने पाच वार्षिक हप्त्यांत १५ कोटी फ्रँक द्यावेत आणि फ्रेंच जहाजांकडून निम्मीच जकात घ्यावी. हे पैसे कशासाठी? तर ज्या मळेवाल्यांची मालमत्ता गेली त्यांच्या नुकसानभरपाईसाठी. या मालमत्तेत जमीन तर होतीच. पण त्या जमिनीवर राबणारी माणसेही मोलात धरली होती. म्हणजे गुलामाने स्वतःला सोडवून घेतले म्हणून त्यानेच मालकाला दाम द्यायचे!

हैतीचा अध्यक्ष ब्वाये याने ते मान्य केले. पहिल्या ३ कोटींच्या हप्त्यासाठी पॅरिसच्याच सावकारांकडून ३ कोटींचे कर्ज काढावे लागले. सावकारांनी आपला मलिदा आधीच कापून घेतला. हातात पडले २ कोटी ४० लाख. हप्त्यासाठीही कर्ज आणि कर्जावर व्याज, असा हा दुहेरी फास होता. १८३८ साली एकूण रक्कम ९ कोटींवर आणली गेली, पण ऋणाची साखळी तुटली नाही. तिचा शेवटचा दुवा १९४७ साली फिटला. आपला देश स्वतंत्र झाला त्या वर्षी हैतीचा शेतकरी आपल्या खापरपणजोबाच्या मुक्तीचे पैसे भरून मोकळा होत होता.

कोणी म्हणेल, ही एका लहरी राजाची करणी. तसे नाही. इंग्लंडने १८३३ च्या कायद्याने आपल्या वसाहतींतील सुमारे आठ लाख गुलामांना मुक्त केले आणि त्यासाठी २ कोटी पौंड दिले. ते गुलामांना नव्हे, मालकांना. सरकारच्या एका वर्षाच्या खर्चाच्या जवळजवळ चाळीस टक्के एवढी ही रक्कम होती. मुक्त झालेल्यांना एक पेनी मिळाली नाही. उलट १८३८ पर्यंत ‘उमेदवार’ या गोंडस नावाखाली त्यांना आठवड्याला ४५ तासांपर्यंत फुकट राबावे लागले. या भरपाईसाठी काढलेल्या कर्जाची परतफेड २०१५ साली पूर्ण झाली. म्हणजे वेस्ट इंडीजमधून इंग्लंडला जाऊन राहिलेले गुलामांचे वंशजही, कर भरताना, आपल्या पूर्वजांच्या मालकांचे देणे फेडत होते. मॉरिशसच्या मळेवाल्यांनीही अशीच भरपाई घेतली, आणि मग मजूर आणले ते हिंदुस्थानातून, करार करून. त्यांत कोकणपट्टीतील मराठी माणसेही होती.

या व्यवहाराच्या बाजूने दोन मुद्दे मांडले जातात. पहिला असा की, त्या काळच्या कायद्याने गुलाम ही मालमत्ताच होती. दुसरा असा की, पैसे देऊन रक्तपात टळला. दुसऱ्या मुद्द्यात तथ्य आहे. ब्वायेपुढे तोफा होत्या, राष्ट्राला मान्यता नव्हती, व्यापार अडत होता. त्याने पैसे कबूल केले म्हणून त्याला भेकड म्हणण्याचा अधिकार घरी बसलेल्या आपल्याला नाही. पण दरोडेखोराला खंडणी दिल्याने जीव वाचतो; तेवढ्याने दरोडेखोर सावकार ठरत नाही आणि खंडणी हे ऋण होत नाही. व्यवहार म्हणून जे करावे लागले, ते न्याय म्हणून मान्य करण्याची सक्ती कोणावरही नसते.

पहिला मुद्दा तर मुळातच खोटा आहे. कायदा सांगतो म्हणून माणूस वस्तू होत नाही. भगवान बुद्धांनी उपासकाला जे व्यापार वर्ज्य सांगितले, त्यांत प्राण्यांच्या व माणसांच्या व्यापाराचाही समावेश आहे. जे विकताच येत नाही, ते विकत घेणारा मालक कसा? आणि जे श्रम स्वखुशीने दिलेले नाहीत ते घेणे म्हणजे न दिलेले घेणे. मग देणेकरी कोण ठरला? ज्याचे आयुष्य लुटले गेले तो, की ज्याने लुटले तो?

हैतीच्या कहाणीत आणखी एक कटू धडा आहे. त्या हप्त्यांचा भार राज्यकर्त्यांच्या वाड्यांनी उचलला नाही. राज्याचे उत्पन्न मुख्यत्वे कॉफीवरील जकातीचे, आणि कॉफी पिकवणारा गरीब शेतकरी. १८२६ साली ब्वायेने कायदा करून ग्रामीण माणसाला मळ्याशी बांधून टाकण्याचा प्रयत्न केला. त्यापूर्वी तुसाँनेही मुक्त झालेल्यांना सैन्याच्या शिस्तीत मळ्यांवर राबवले होतेच. मुक्तीची किंमत वरून खाली ढकलली गेली आणि सर्वांत खालच्या माणसाच्या पाठीवर येऊन थांबली. त्याने बेडी तोडली होती. हिशेबाची वही मात्र दुसऱ्याच्या हातात राहिली.

१७ एप्रिल २०२५ रोजी, त्या फर्मानाला दोनशे वर्षे झाली तेव्हा, फ्रान्सच्या अध्यक्षांनी या इतिहासाच्या अभ्यासासाठी दोन्ही देशांच्या इतिहासकारांचा आयोग नेमण्याची घोषणा केली. घेतलेले पैसे परत करण्याविषयी मात्र त्यांनी शब्द दिला नाही.

यातून आपण काय घ्यावे? कृतज्ञता आणि कर्ज यांत भेद करायला शिकावे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला. ती कृतज्ञता होती. स्वतंत्र मनाच्या माणसाने चांगल्या माणसांना केलेले वंदन होते. परंतु ज्याने पायातली बेडी काढली तोच जर ‘माझे आभार मान, माझे नुकसान भरून दे’ असे म्हणू लागला, तर तेथे मान झुकवण्याचे कारण नाही. शिक्षण, पाणवठा, जमीन, मतदान हे कोणाचे उपकार नव्हेत. आपलेच आपल्याला मिळाले, आणि तेही उशिरा.

दुसरी गोष्ट घरातली आहे. कायद्याने हक्क मिळतो, पण कायदा मोडणारा असतोच. म्हणून बाबासाहेबांनी स्वातंत्र्य आणि समता यांच्या रक्षणासाठी बंधुतेला सर्वांत वरचे स्थान दिले. फ्रान्सने बंधुता उच्चारली आणि समुद्राच्या काठावर सोडून दिली. आपण ती उंबऱ्यावर सोडत नाही ना? नोकरी लागलेला मुलगा शहरात गेला, त्याच्या शिक्षणासाठी कोणाची शाळा सुटली? दिवसभर मजुरी करून आलेल्या बाईच्या हाती रात्रीची चूल कोणी दिली? आपल्या मुक्तीची किंमत आपल्यातलेच कोणी गुपचूप मोजत असेल, तर त्या वहीचा हिशेब परक्याला विचारून भागणार नाही.