आधी ब्रेक, मग टर्बो (गीता 18.25)



आजचा श्लोक तामस कर्माचा. तामस म्हटलं की आपल्याला झोप, आळस, व्यसन आठवतं. पण इथे भगवंत आळशी माणसाबद्दल बोलतच नाहीयेत. हा माणूस उत्साहाने कामाला लागलाय. फक्त चार गोष्टी न बघता लागलाय: अनुबंध, क्षय, हिंसा, पौरुष. म्हणजे यामागून काय काय येईल, काय झिजेल, कुणाला इजा होईल, आणि हे मला झेपणार आहे का.

आपल्या रविवारच्या ऑनलाइन गीता-वर्गात न्यू जर्सीहून एक मित्र येतो. त्याने 1992 सालची माझदा मियाटा घेतली. दोन सीटची, उघड्या छपराची, 1.6 लिटर इंजिनाची, वजनाला हलकी. घरच्या घरी पाना हातात घेणाऱ्यांची ही लाडकी गाडी, कारण बॉनेट उघडलं की बरंचसं हाताला लागतं. त्याने विचारलं, "दादा, मला टर्बो बसवायचाय. हे राजस कर्म झालं का?" सगळे हसले. मला मात्र प्रश्न आवडला. ताकद वाढवायची इच्छा आणि "मी स्वतः केलं" हा अहंकार, एवढंच असेल तर राजस, 24वा श्लोक. पण न बघता केलं तर तो एक पायरी खाली येतो.

अनुबंध बघा. टर्बो इंजिनात जास्त हवा कोंबतो. हवा वाढली की पेट्रोलही त्या मापाने वाढायला हवं. नाही वाढलं तर स्फोट अवेळी होतात आणि पिस्टन फुटतो. उष्णता वाढते, म्हणजे तीस वर्षांचा रेडिएटर आला. क्लच आला. आणि जास्त वेगाने धावणारी गाडी थांबवायला ब्रेक आलेच. एक लायब्ररी अपग्रेड केली आणि सात ठिकाणी बिल्ड मोडला, हे आपल्याला नवीन आहे का?

क्षय तर या गाडीत लपूनच बसतो. छपरावरचं पाणी सीटच्या मागच्या दोन भोकांतून खाली जातं. त्यात पाला अडकला की पाणी दाराखालच्या पोकळ उंबऱ्यात साचतं आणि पत्रा आतून गंजतो. वरून रंग चकचकीत. (आपल्या साधनेबद्दल इथे वेगळं लिहायला नको.)

हिंसा या शब्दावर मी वर्गात जरा जास्तच वेळ घेतला. मित्र नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली शिरत होता. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. सपाट, पक्क्या जमिनीवर जॅक स्टँड लावायचे, चाकांना अडसर द्यायचा, गाडी ढकलून बघायची, मगच खाली जायचं. त्याची मुलगी चार वर्षांची आहे. बाबा काम करत असले की ती शेजारीच बसते. इजा म्हणजे फक्त दुसऱ्याला मारणं, असं आपण का धरून चालतो?

पौरुष म्हणजे मर्दानगी नव्हे; स्वतःचा आवाका. व्हिडिओत बोल्ट एका झटक्यात सुटतो. तुमचा गंजलेला बोल्ट तुटेल, तेव्हा पुढे काय, हे माहीत आहे का? माहीत नसेल तर जाणत्याला बोलवा, त्याच्या शेजारी उभे राहून शिका. यात कमीपणा कसला? अर्जुनानेही विचारलंच होतं.

मग या गाडीचं नियत कर्म कोणतं? ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलायचं, हवा काढायची. टाइमिंग बेल्ट 60,000 मैलांना. गळणारा क्लच सिलिंडर. कडक झालेले रबरी बुश. चाकाचे नट टॉर्क पान्याने. यातल्या कशाचाच फोटो कुणी टाकत नाही, कुणी लाइक देत नाही. 23व्या श्लोकातलं सात्त्विक कर्म मला इथे जास्त स्पष्ट दिसतं.

मित्राने चार जॅक स्टँड आणि ब्रेक ऑइलचा डबा मागवलाय. टर्बो अजून कार्टमध्ये आहे. राहू दे.

उद्या श्लोक 26, सात्त्विक कर्ता. आधी एकदा वाचून या.

राम कृष्ण हरी.